दूर पल्ल्याच्या जेट प्रवासाचा पर्यायी इतिहास : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी वाचकाला ‘जर-तर’चा इतिहास नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर पुढे काय घडले असते, हा प्रश्न महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत त्याला कथारूप दिले. या कथेत गोळी विश्वासरावांना चाटून जाते, आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अद्याप चालू आहे. कथेचे खरे सामर्थ्य या तपशिलातच आहे. मराठ्यांचा जय झाला म्हणून इंग्रज नाहीसे झाले, असे लेखकाने होऊ दिलेले नाही. एक गोळी हुकली तरी प्रतिस्पर्धी आपल्या जागी उभाच राहतो. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्या फार थोड्या लेखकांना हा संयम साधला आहे.

विमानवाहतुकीच्या इतिहासात पानिपताची जागा इंग्लंडमधील द हॅविलँड कंपनीच्या ‘कॉमेट’ विमानाने घेतली आहे. २७ जुलै १९४९ रोजी हे विमान प्रथम आकाशात झेपावले आणि २ मे १९५२ रोजी त्याने लंडनहून जोहान्सबर्गकडे जगातील पहिले नियमित जेट प्रवासी उड्डाण केले. दोन वर्षांच्या आत त्याची विमाने एकामागून एक हवेतच फुटली आणि एप्रिल १९५४ मध्ये त्याचे उड्डाण-प्रमाणपत्र रद्द झाले. ‘कॉमेट कोसळले नसते तर?’ हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत लोकप्रिय ग्रंथांतून, माहितीपटांतून आणि कल्पनाप्रधान लेखनातून पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्याचे ठरीव उत्तर असे की, खिडक्या चौकोनी नसत्या तर विमाने फुटली नसती, जेट युगाचे नेतृत्व ब्रिटनकडे राहिले असते आणि ‘बोइंग’ हे नाव आज केवळ लष्करी विमानांच्या संदर्भात घेतले गेले असते. या उत्तराची चिकित्सा करणे आणि जेट प्रवासाच्या पर्यायी इतिहासाचा खरा सांधा कोठे आहे हे शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पर्यायी इतिहासाचे निकष

इतिहासकारांनी या प्रकाराकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. ई. एच. कार यांनी १९६१ मध्ये अशा प्रश्नांची गणना बैठकीतल्या खेळात केली. तथापि त्यानंतर तीनच वर्षांनी रॉबर्ट फोगेल यांनी अमेरिकेत रेल्वे आलीच नसती तर काय झाले असते, याचा काटेकोर हिशेब मांडला. कालवे आणि घोडागाड्यांच्या बळावरही अमेरिकेची अर्थव्यवस्था फारशी मागे पडली नसती, असा धक्कादायक निष्कर्ष त्यातून निघाला. फोगेल यांना १९९३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाहतुकीच्या साधनाबाबत ‘हे नसते तर’ असे विचारताना त्याची जागा घेण्यास दुसरे काय तयार होते हे आधी पाहावे लागते, हा फोगेल यांच्या ग्रंथाचा मुख्य धडा होय.

नीअल फर्ग्युसन यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात आणखी एक निकष घातला. जे पर्याय त्या काळातील माणसांनी स्वतः विचारात घेतले होते आणि ज्यांचा कागदोपत्री पुरावा आहे, तेवढेच पर्याय ग्राह्य मानावेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा निकष कडक आहे. कथालेखकाला तो जाचक वाटेल. परंतु विमानाच्या बाबतीत तो विशेष उपयोगी पडतो, कारण विमान हे वर्षानुवर्षांच्या आराखड्यांतून, चाचण्यांतून आणि मागणीपत्रांतून घडते. त्याचे पर्यायही कागदावर असतात.

खिडकीची आख्यायिका

प्रथम खिडकीविषयी. चौकोनी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तडे गेले ही गोष्ट शालेय पुस्तकांपासून सर्वत्र सांगितली जाते. पण ती अर्धीच खरी आहे. कॉमेटच्या खिडक्यांचे कोपरे गोलाईचे होते. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलेले विमान नोंदणीच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून ‘योक पीटर’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या सांगाड्यात ज्या ठिकाणी तडा आढळला ती प्रवाशांची खिडकी नव्हतीच. विमानाच्या छतावर दिशाशोधक यंत्राच्या अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याजवळचा तो पत्रा होता. त्या झरोक्यातून कोणी प्रवासी कधी बाहेर पाहत नसे. फार्नबरो येथील संशोधन संस्थेत सर अर्नोल्ड हॉल यांच्या मार्गदर्शनाखाली ‘योक अंकल’ हे दुसरे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या धडावर पुन्हा पुन्हा दाब देण्यात आला. प्रत्यक्ष उड्डाणांतील १,२२१ आणि टाकीतील १,८३६ अशी ३,०५७ दाबचक्रे झाल्यावर ते धड फाटले. सुरुवात संकटकालीन दाराच्या कोपऱ्यापासून झाली होती.

आकाराचा दोष होताच, हे नाकारण्याचे कारण नाही. कोपऱ्यांभोवती ताण एकवटत होता, पत्रा पातळ होता आणि रिव्हेटची छिद्रे पाडण्याच्या पद्धतीने बारीक चिरा राहत होत्या. परंतु आख्यायिकेने या साऱ्याचे रूपांतर एका चौकोनात केले. एका चौकोनाचे वर्तुळ केले की इतिहास बदलतो, ही कल्पना सोपी आहे आणि म्हणूनच मोहक आहे. वास्तविक बदलायला हवे होते ते धातूच्या शिणवट्याविषयीचे एका संपूर्ण उद्योगाचे आकलन.

आता दुसरा भाग. समजा, कॉमेट एकदाही कोसळले नाही. तरी ते किती दूर जाऊ शकत होते? कॉमेट १ मध्ये ३६ प्रवासी बसत. जोहान्सबर्गला पोहोचण्यासाठी त्याला रोम, बैरुत, खार्टूम, एंटेबे आणि लिव्हिंग्स्टन असे पाच मुक्काम घ्यावे लागत. पुरेसे उत्पन्न देणारे प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडणे त्याच्या आवाक्यात नव्हते. आणि दूर पल्ल्याच्या प्रवासाची सर्वांत श्रीमंत बाजारपेठ अटलांटिकच्या दोन काठांवर होती. ऑक्टोबर १९५८ मध्ये सुधारित कॉमेट ४ ने लंडन–न्यूयॉर्क सेवा सुरू केली, तेव्हाही पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला इंधनासाठी न्यूफाउंडलंडमधील गँडर येथे उतरावे लागले. तीनच आठवड्यांनी पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले. शंभरांहून अधिक प्रवासी वाहण्याची त्याची क्षमता होती.

नारळीकरांच्या मुंबईतील इंग्रजांप्रमाणे येथेही प्रतिस्पर्धी जागेवरच होता. बोइंगच्या संचालक मंडळाने आपल्या जेट वाहतूक विमानाच्या नमुन्यावर स्वतःचा पैसा घालण्याचा निर्णय एप्रिल १९५२ मध्ये घेतला. कॉमेटची पहिली प्रवासी सेवा त्यानंतर सुरू झाली आणि पहिला तडा तर फार पुढची गोष्ट. इंधन पुरवणाऱ्या लष्करी विमानांची मागणी अमेरिकी वायुदलाकडून येईल, हा हिशेब त्या निर्णयामागे होता आणि तो खरा ठरला. कॉमेटच्या अपघातांमुळे बोइंग जन्माला आले नाही. फार तर त्याला शिकण्यास सवड आणि धडा मिळाला. अपघात वगळणाऱ्या पर्यायी इतिहासाने हा धडाही वगळला पाहिजे. तसे केले तर दुसऱ्या कोणत्या तरी विमानातील प्रवाशांना तो शिकवावा लागला असता. लोकप्रिय लेखन हा हिशेब मांडत नाही.

निष्पक्षतेसाठी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅन अमेरिकनने तीन कॉमेट ३ विमानांची मागणी नोंदविली होती. अमेरिकेतील सर्वांत महत्त्वाकांक्षी कंपनी ब्रिटिश जेट घेण्यास तयार होती, हे फर्ग्युसन यांच्या निकषावर उतरणारे प्रमाण आहे. त्यामुळे ब्रिटनचा वाटा अधिक मोठा राहिला असता, असे म्हणण्यास जागा आहे. मात्र ‘वाटा’ आणि ‘नेतृत्व’ यांत अंतर आहे. शिवाय या साऱ्या चर्चेत सोव्हिएत टीयू-१०४ हे विमान कोणाला आठवत नाही, हेही लक्षणीय आहे. १९५६ च्या सप्टेंबरपासून कॉमेट ४ येईपर्यंत नियमित प्रवासी सेवेत असलेले जगातील ते एकमेव जेट विमान होते. लंडन की सिएटल असा प्रश्न विचारणाऱ्यांना मॉस्को–इर्कुत्स्क मार्ग दिसत नाही.

एक रद्द झालेले विमान

खिडकीपेक्षा बळकट सांधा १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये सापडतो. विकर्स कंपनी ‘व्ही-१०००’ हे चार इंजिनांचे मोठे जेट वाहतूक विमान बांधत होती. त्याची प्रवासी आवृत्ती अटलांटिकपार जाण्याच्या बेताने आखली होती आणि पहिला नमुना बराचसा तयार होता. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी पॅन अमेरिकनने ७०७ आणि डीसी-८ मिळून ४५ जेट विमानांची मागणी जाहीर केली. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने व्ही-१००० रद्द केले. वर्षभरात ब्रिटनच्या राष्ट्रीय कंपनीने, म्हणजे बीओएसीने, १५ बोइंग विमाने मागविली.

येथे पर्यायी इतिहासाचे सर्व निकष पुरे होतात. निर्णय माणसांनी घेतला, तो वेगळा होऊ शकत होता, त्याविरुद्ध तेव्हाच आवाज उठला होता आणि त्याची नोंद आहे. आश्चर्य असे की लोकप्रिय लेखनात या प्रसंगाला कॉमेटच्या शतांशही जागा मिळत नाही. त्यात स्फोट नाही, समुद्र नाही, पाण्याची टाकी नाही. एक फाईल बंद झाली, इतकेच.

या फाईलचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. व्ही-१००० साठी योजलेले रोल्स-रॉइसचे ‘कॉनवे’ इंजिन पुढे बोइंगच्या पंखांखाली गेले. बीओएसीप्रमाणेच एअर-इंडियानेही कॉनवे इंजिनांची ७०७ विमाने निवडली. १९६० मध्ये ती मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर आली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. १९६२ मध्ये संपूर्ण ताफा जेट विमानांचा करणारी जगातील पहिली कंपनी असल्याचा अभिमान एअर-इंडियाने मिरविला. अमेरिकी सांगाडा आणि ब्रिटिश इंजिन असलेले ते भारतीय विमान पाहिले की पर्यायी इतिहासाचे तुकडे प्रत्यक्ष इतिहासातही वापरले जातात, हे ध्यानात येते. व्ही-१००० झाले असते तर एअर-इंडियाने ते घेतले असते काय, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तराला पुरावा नाही, आणि पुराव्याविना उत्तर देणे म्हणजे पुन्हा बैठकीतला खेळ.

ध्वनिवेगाहून जलद विमानांचा पर्याय येथे थोडक्यात नमूद करणे पुरेसे आहे. तो केवळ कल्पनेतला नव्हता. १९६० च्या दशकात बोइंगने ७४७ चा वैमानिक-कक्ष वरच्या मजल्यावर ठेवला, कारण प्रवासी लवकरच ध्वनिवेगाच्या पलीकडील विमानांकडे वळतील आणि ७४७ मालवाहू बनून त्याचे नाक उघडावे लागेल, असा अंदाज होता. अंदाज फसला, कक्ष वरच राहिला. कॉन्कॉर्डच्या पर्यायी इतिहासांत इंधनाचे दर आणि तिकिटांचे दर यांचीच चर्चा होते. बहारीनमार्गे सिंगापूरला जाणाऱ्या कॉन्कॉर्डला भारताने आपल्या भूमीवरून ध्वनिवेगाहून अधिक गतीने जाऊ दिले नाही. मलेशियानेही आक्षेप घेतला, आणि ती सेवा १९८० मध्ये बंद पडली. खाली राहणाऱ्या लोकांना त्या धमाक्याविषयी काही म्हणायचे असू शकते, ही शक्यता बहुतेक कल्पनारंजनात गृहीतच धरली जात नाही.

कलकत्ता, २ मे १९५३

जेट प्रवासाच्या पर्यायी इतिहासात ज्या प्रसंगावर सर्वाधिक लिहिले जावे आणि सर्वांत कमी लिहिले गेले, तो भारतातील आहे. पहिल्या जेट सेवेला बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी सिंगापूरहून लंडनला निघालेले एक कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे उडाले आणि काही मिनिटांतच जुगलगरी या खेड्याजवळ कोसळले. विमानातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. बंगालमध्ये तो कालबैसाखीचा मोसम. त्या सायंकाळी वादळ होतेच. भारतात झालेल्या न्यायालयीन चौकशीने निष्कर्ष काढला की, वादळातील तीव्र झोतांमुळे किंवा त्यांच्याशी झुंजताना नियंत्रणावर पडलेल्या अतिरिक्त भारामुळे सांगाडा हवेत मोडला. अवशेषांचा मोठा भाग फार्नबरोला नेऊन जुळविण्यात आला आणि मोडतोडीची सुरुवात शेपटाकडील भागात झाल्याचे आढळले. कॉमेटमध्ये हवामान-रडार बसवावे, वादळात वेग मर्यादित ठेवावा, नियंत्रणाचा भार वैमानिकाच्या हाताला जाणवेल अशी योजना करावी, अशा उपायांकडे लक्ष वळले. धातूच्या शिणवट्याचा विचार झाला नाही.

त्या अपघाताचे कारण शिणवटा होता, असे विधान करता येत नाही. वादळ खरोखर पुरेसे कारण असू शकते. परंतु पर्यायी इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे : वादळ नसते, तर काय विचारले गेले असते? स्वच्छ आकाशात, जमिनीवर, सहज गोळा करता येण्याजोगे अवशेष मागे ठेवून कॉमेट मोडले असते, तर एल्बाच्या समुद्रतळाशी मासेमारीच्या जाळ्यांनी करावा लागलेला शोध आठ महिने आधी आणि बंगालच्या शेतांत झाला असता. वादळाने विमान पाडले असो वा नसो, एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने फार लवकर पुरविले.

शिणवट्याची कल्पना तेव्हा अज्ञात होती, असा बचाव येथे चालत नाही. नेव्हिल शूट हे स्वतः विमान-अभियंता असलेले कादंबरीकार. त्यांची ‘नो हायवे’ ही कादंबरी १९४८ मध्ये, म्हणजे कॉमेटच्या पहिल्या उड्डाणाआधीच, प्रसिद्ध झाली. तिचा नायक फार्नबरो येथेच काम करणारा एक विक्षिप्त शास्त्रज्ञ आहे. एका नव्या प्रवासी विमानाचे शेपूट ठरावीक तासांनंतर शिणवट्याने मोडणार, असे त्याचे गणित सांगते आणि त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. १९५१ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. वाङ्मयीन दृष्ट्या ही कादंबरी साधारण आहे. त्यातील परलोकविद्येचा भाग तर आज वाचवत नाही. पण कॉमेटच्या काळातील माणसांना शिणवटा कल्पिता येत होता, याचा तिच्याहून ठळक पुरावा नाही. फर्ग्युसन यांचा निकष येथे एका कादंबरीने पुरा केला आहे.

तरीही कलकत्त्यापासून सुरू होणारा पर्यायी इतिहास सरळ रेषेत जात नाही. शिणवट्याचा प्रश्न द हॅविलँडमध्ये विचारला गेला होता. कॉमेटच्या धडाच्या एका तुकड्यावर कंपनीने १९५३ मध्ये दाबचक्रांची चाचणी घेतली आणि तो तुकडा १६,००० हून अधिक चक्रे टिकला. एवढी उड्डाणे कोणत्याही कॉमेटच्या आयुष्यात होणार नव्हती. साहजिकच सर्वांना दिलासा मिळाला. टाकीतील योक अंकलचे संपूर्ण धड मात्र त्याच्या पंचमांशही टिकले नाही. असे का व्हावे? तोच तुकडा आधी मजबुतीच्या चाचणीसाठी वापरला होता. त्यावर नेहमीच्या दुप्पट दाब देण्यात आला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला जाऊन तेथे असा अंतर्गत ताण राहिला की, पुढचे तडे उशिरा पडले. मजबुती सिद्ध करणाऱ्या चाचणीनेच शिणवट्याची चाचणी खोटी पाडली होती.

याचा अर्थ असा की, १९५३ च्या मे महिन्यात आकाश निरभ्र असते आणि कोणी शिणवट्याचे नाव घेतले असते, तरी कंपनीने प्रामाणिकपणे त्या तुकड्याकडे बोट दाखविले असते. दोन बदल एकदम करावे लागतात : वादळ हटवावे लागते आणि चाचणीसाठी पूर्वी कधीही न ताणलेला तुकडा घ्यावा लागतो. नारळीकरांच्या कथेतील एका गोळीची काटकसर येथे साधत नाही. पर्यायी इतिहासाच्या शास्त्रात हे वैगुण्य मानले जाईल. मात्र दुसरा बदल अगदीच स्वस्त आहे. नवे गणित नको, नवे यंत्र नको. गोदामातून दुसरा तुकडा आणायचा. चौकोनी खिडकीची आख्यायिका आराखडा काढणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखविते. प्रत्यक्षात सांधा चाचणीच्या पाटीवर, ‘हा नमुना पूर्वी कशासाठी वापरला’ या रकान्यात होता.

त्या रकान्यावर ५६ माणसांचा जीव अवलंबून होता. एल्बाजवळ योक पीटरमध्ये ३५ जण गेले. त्यानंतर विमाने थांबविण्यात आली. आगीपासून संरक्षणासह अनेक दुरुस्त्या करून २३ मार्च १९५४ रोजी ती पुन्हा सोडण्यात आली. आणि अवघ्या सोळा दिवसांनी, ८ एप्रिल रोजी, नेपल्सजवळ ‘योक योक’ २१ जणांसह कोसळले. लॉर्ड कोहेन यांच्या चौकशी न्यायालयाने १९५५ मध्ये अहवाल दिला. सेवा पुन्हा सुरू करण्याबद्दल त्यात कोणालाही दोषी धरले नाही. उपलब्ध ज्ञानाच्या मर्यादेत तो निवाडा समजण्यासारखा आहे. पर्यायी इतिहासाला मात्र त्या मर्यादेबाहेर पाऊल टाकण्याची मुभा आहे, आणि ब्रिटनच्या हुकलेल्या वैभवाची गणिते मांडण्यात त्याने ती मुभा खर्ची घातली आहे.

योक पीटर हे तेच विमान, ज्याने २ मे १९५२ रोजी जोहान्सबर्गचे पहिले उड्डाण केले होते. आपल्या अखेरच्या फेरीत ते सिंगापूरहून निघाले होते, आणि बँकॉक व रंगून सोडल्यावर, कराचीकडे जाण्यापूर्वी, डमडमच्या धावपट्टीवर उतरून इंधन घेऊन पुन्हा उडाले होते.